उरलेले दोघे कुठे आहेत? पिछाडी सांभाळण्याचे अनुभव

संघाने खेळायच्या नेमबाजीच्या खेळांत समोरासमोर हरलेली फेरी आपण लवकर विसरतो. पण पाठीमागून एकच गडी आला आणि त्याने चौघांना ओळीने आडवे केले, ती फेरी कित्येक दिवस मनातून जात नाही. मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यात आज बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया), व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक मन लावून खेळणारी मुले-मुली आहेत, तरीही बगलेवरून येणाऱ्याची चाहूल कशी घ्यावी यावर मराठीतून कोणी सविस्तर लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. म्हणून ओळखीच्या काही खेळाडूंना मी आपापले अनुभव लिहिण्याची विनंती केली. ‘मागे बघत जा’ हा उपदेश सर्वांनाच ठाऊक आहे. तो पुरत नाही असे माझे ठाम मत आहे, आणि का पुरत नाही हे घडलेल्या प्रसंगातून सांगावे एवढीच अट मी घातली होती. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचे गाव दिले आहे. सुरुवात माझ्यापासून करतो.

छत्रपती संभाजीनगर

२००८ च्या सुमारास औरंगपुऱ्यातील एका नेट कॅफेत आम्ही दहा जण वर्गणी काढून तासाचे पैसे भरत असू आणि काउंटर-स्ट्राइक १.६ खेळत असू. नकाशा बहुधा डस्ट २ हाच असे. त्यात एक संघ ए किंवा बी या दोन जागांपैकी (साइट) एकीवर बॉम्ब लावतो आणि दुसरा त्या जागा राखतो. एका संध्याकाळी आम्ही पाचही जण लाँग या लांबच्या वाटेने ए साइटवर गेलो, त्यांचे दोन गडी टिपले, बॉम्ब लावला आणि पाचही बंदुका त्यांच्या सुरुवातीच्या जागेकडे व शॉर्ट या जवळच्या वाटेकडे रोखून बसलो. बी साइट राखणारा त्यांचा गडी तेवढ्या वेळात बोगद्यातून निघून आमच्याच सुरुवातीच्या जागेत आला होता, आणि तिथून लाँगचे दरवाजे ओलांडून तो थेट आमच्या पाठीशी उभा राहिला. तिघे पडले तरी उरलेल्या दोघांना गोळ्या कुठून येत आहेत हे समजले नव्हते. शेजारच्या खुर्चीवरचा एक सीनियर मुलगा मला इतकेच म्हणाला, ‘दोन मेले हे कळालं, राहिलेले तिघं कुठं हायत ते सांग की.’ मला सांगता आले नाही.

तेव्हापासून मी मारलेल्यांऐवजी न दिसलेल्यांचा हिशोब ठेवू लागलो. समोर पाच असतील आणि त्यांपैकी तिघे दिसले असतील, तर माझ्या दृष्टीने फेरीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उरलेल्या दोघांचा असतो. त्यातही नुसते ‘कुठे दिसले’ हे पुरेसे नसते, ‘केव्हा दिसले’ हे सोबत लागते, कारण माहिती भाकरीसारखी शिळी होत जाते. बी साइटवर पाच सेकंदांपूर्वी दिसलेला गडी माझ्या पाठीशी असू शकत नाही, पण तोच गडी वीस सेकंदांपूर्वी दिसला असेल आणि त्यानंतर तिकडून एकही आवाज आला नसेल, तर तो निघाला आहे असे धरूनच मी पुढचे पाऊल टाकतो.

सेलू, जिल्हा परभणी

मी शेती करतो आणि रात्री आखाड्यावर मुक्कामाला असलो की बीजीएमआय खेळतो. २ जुलै २०२१ ला हा खेळ आपल्याकडे सुरू झाला तेव्हापासून आमचे चौघांचे स्क्वॉड आहे. सर्व एकाच गावचे, त्यामुळे एकमेकांचा स्वभाव चांगला ठाऊक आहे.

माझा अनुभव खेळाबाहेरून सुरू होतो. हरभऱ्याला घाटे लागले की आमच्याकडे रानडुकरांचा उपद्रव वाढतो आणि रात्रीची राखण करावी लागते. एका वर्षी मी व माझे चुलते राखणीला होतो. पूर्वेच्या बांधाकडे खसफस ऐकू आली म्हणून आम्ही दोघेही बॅटऱ्या घेऊन तिकडे धावलो, आणि परत येऊन पाहतो तो ओढ्याच्या बाजूने कळप आत शिरून चार-पाच सऱ्या उखडून गेलेला. काकांनी दुसऱ्या रात्रीपासून नियम घातला की आवाज कुठूनही आला तरी एकाने ओढ्याकडची बॅटरी हलवायची नाही. त्यांनी मोबाईलवरचा खेळ कधी पाहिलेला नाही, पण आमच्या स्क्वॉडचा नियम हाच आहे.

एरंगेल हा नकाशा आठ किलोमीटर लांब आणि आठ किलोमीटर रुंद आहे, त्यावर शंभर खेळाडू उतरतात, आणि गोळीबाराचा आवाज म्हणजे आसपासच्या सर्वांना दिलेले आवतण असते. त्यावरील पोचिंकी गावात एकदा आम्ही समोरच्या घरातील तिघांना नॉक केले, म्हणजे घायाळ करून खाली पाडले, आमचाही एक नॉक झाला होता, आणि मी त्याला उचलायला बसलो. उचलण्यात जवळजवळ दहा सेकंद जातात, तेवढा वेळ तुमच्या हातात बंदूक नसते. उरलेले दोघे समोरच्यांची लूट घ्यायला पळाले. रस्त्यापलीकडून तिसरेच स्क्वॉड आले आणि आम्ही चौघेही एका मिनिटाच्या आत डावातून बाद होऊन लॉबीत होतो. खेळात याला थर्ड पार्टी म्हणतात, पण माझ्या मते तो वेगळा प्रकार नव्हे. तीही पिछाडीच आहे, फक्त येणारा कोण हे आधी माहीत नसते.

आता आम्ही स्क्रीनच्या वरच्या पट्टीवरील अंशांनुसार दिशा वाटून घेतो. लढाई ६० कडे चालू असेल तर एक जण २४० सोडत नाही, मग समोर कितीही माणसे मरोत. धावताना डोळ्याच्या चिन्हाचे बटण दाबून मान फिरवावी, कारण त्याने धावण्याची दिशा न बदलता मागचे दिसते. हे बटण माझ्या माहितीतील निम्मी मुले कधीच वापरत नाहीत. मिनीमॅपवर उमटणाऱ्या पावलांच्या खुणांवर मात्र सर्वस्वी विसंबू नये, कारण सरपटत येणारा किंवा आधीच दबा धरून बसलेला तिथे दिसत नाही.

झोनच्या कडेविषयी एक गैरसमज आहे, त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. झोन म्हणजे डावात आकसत जाणारे सुरक्षित वर्तुळ, आणि त्याबाहेरच्या निळ्या भागात राहणाऱ्याला इजा होत राहते. ‘निळ्या झोनला पाठ लावून बसलो की मागून कोणी येत नाही’ असे मुले मानतात. सुरुवातीच्या झोनांमध्ये त्या निळ्याने होणारे नुकसान इतके थोडे असते की पट्ट्या बांधत, उशिरा, गाडी घेऊन येणारी स्क्वॉड नेमकी तुमच्या पाठीवरूनच येतात. शेवटच्या झोनांमध्ये निळ्यात तग धरणे अशक्य होते, तेव्हा कुठे ती कड भिंतीसारखी भरवशाची होते. आम्ही हे शिकण्यासाठी अनेक चांगले डाव गमावले आहेत.

लातूर

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या व्हॅलोरंटच्या संघात सायफर हे पात्र खेळते. सायफरकडे अडथळ्याच्या तारा असतात. त्या वाटेवर लावल्या की ओलांडणारा अडकतो आणि दिसतो. आक्रमणात असताना माझे मुख्य काम पुढे जाण्याचे नसून संघाची पाठ बांधून ठेवण्याचे असते.

एका सामन्यात हेवन नकाशावर आम्ही सी साइट घेऊन स्पाइक, म्हणजे या खेळातला बॉम्ब, लावला होता. स्पाइक फुटायला ४५ सेकंद लागतात आणि तो निकामी करायला ७ सेकंद. सी साइटकडे येणाऱ्या वाटेवरील सी लॉबी या जागेच्या तोंडाशी लावलेली माझी तार कोणीतरी गोळी घालून तोडल्याचे मला कळले. मी ‘मागे, मागे’ असे दोनदा म्हणाले. कोणीही वळले नाही. सामन्यानंतर चौघांनीही सांगितले की शब्द कानावर पडले होते, पण ‘मागे’ म्हणजे नेमके कुणाच्या मागे हे समजले नाही, कारण आम्ही पाच जण पाच दिशांना तोंड करून उभे होतो. मला आधी वाटले होते की मुलीचा आवाज म्हणून दुर्लक्ष केले, आणि अनोळखी संघात मी तोही अनुभव घेतला आहे. या वेळी मात्र चूक माझ्या वाक्यात होती. आता मी ‘सी लॉबी, एक, आत्ता’ असेच बोलते. ठिकाण, किती जण आणि केव्हा, याच क्रमाने.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. सायफर मरण पावला की त्याच्या तारा बंद पडतात. संघाला हे माहीत असते, तरी लढाईच्या भरात ‘मागे तार आहे’ ही भावना तशीच राहते आणि कोणीच मागे पाहत नाही. त्यामुळे मी पडले की पहिले वाक्य ‘तारा गेल्या; नीरव, लॉबी बघ’ असे, एका व्यक्तीचे नाव घेऊन सांगते. नाव न घेता सांगितलेले काम पाच जणांत कोणाचेच होत नाही. पुढच्यास ठेच लागली तर मागचा शहाणा होतो, पण ठेच कुठे लागली हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

किलजॉय हे पात्र खेळणाऱ्या मैत्रिणींसाठी एवढेच, की तुम्ही फार दूर गेलात तर तुमचा अलार्मबॉट झोपी जातो. पाठ राखायला ठेवलेले यंत्र जागे आहे का, हे अधूनमधून तपासा.

नांदेड

माझा अनुभव छोटा आहे. मे महिन्यात आमच्या खोलीत कूलर लावल्याशिवाय बसता येत नाही, आणि कूलरच्या घरघरीत पावलांचा आवाज बुडून जातो. दोन उन्हाळे मी माझ्या लक्ष न देण्याला दोष देत होतो. मग कूलर खिडकीबाहेर बसवला, बिनतारी हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो म्हणून तारेचा घेतला, आणि उजवी-डावी बाजू तपासून तो कानांवर चढवू लागलो, कारण उलटा घातला की डावीकडून आलेला उजवीकडे ऐकू येतो. मागून मरण्याचे प्रमाण निम्म्यावर आले नसेल, पण मरण्याआधी चाहूल लागू लागली. कानोसा घेता येईल अशी जागा आधी करावी आणि मगच सरावाबद्दल बोलावे, असे मला वाटते.

जालना

वरील लेखनाशी मी पूर्ण सहमत नाही. आमच्या संघाने एका स्पर्धेत मागून मार खाल्ला आणि पुढच्या दोन महिन्यांत आम्ही इतके मागे पाहू लागलो की समोरची लढाई नेहमी पाचविरुद्ध तीन होऊ लागली. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये फेरी १ मिनिट ५५ सेकंदांची असते. त्यातील प्रत्येक क्षण दोन माणसे रिकाम्या वाटेवर खर्च करणे परवडत नाही. आमच्या प्रशिक्षकांनी सुचवलेली पद्धत अशी होती की पाठ राखायची वेळ ठरवावी. आपण साइटवर शिरण्याच्या आधीचे काही क्षण एकाने मागची वाट धरावी, कारण बगलेने येणारा आपल्या आवाजाची वाट पाहत असतो. ती वेळ टळली आणि कोणी आले नाही, तर त्यालाही पुढे ओढून घ्यावे. बॉम्ब लावल्यानंतर मात्र पुन्हा एकाने वळावे. मागे पाहणे ही सवय न राहता ठरावीक वेळचे काम झाले, तेव्हा आमचे दोन्ही प्रश्न सुटले.

अंबाजोगाई, जिल्हा बीड

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण आमच्या संघात बगलेने जाणारा मीच आहे. खेळाडू ज्याला लर्कर म्हणतात तो.

माझे काम शिफ्ट दाबून हळू चालण्याचे आणि थांबण्याचे असते. चालण्यापेक्षा थांबण्यात जास्त वेळ जातो. समोरच्यांना माझे चार सोबती दिसत राहिले तर त्यांचे लक्ष पुरते तिकडे लागते, आणि पाचवा दिसत नाही ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही. मला सर्वांत सोपे लक्ष्य कोणते ठरते, तर एकदा मागे वळून पाहून समाधान मानणारा खेळाडू. तो वळतो, वाट रिकामी दिसते, तो पुन्हा पुढे पाहू लागतो. मी कोपऱ्याआड तेवढ्याचसाठी थांबलेला असतो. त्याचे वळणे मला सांगून जाते की पुढचे सात-आठ सेकंद तो पुन्हा वळणार नाही. ग्रेनेड फेकण्याचा किंवा काडतुसे बदलण्याचा आवाज आला की मी निघतो.

दोन मिळून उभे असतील तर मी आधी मागच्याला मारत नाही, कारण तो पडताना पुढचा वळतो. शक्य असेल तर दोघे एका रेषेत येईपर्यंत थांबतो. म्हणून पाठ राखणाऱ्याने आपल्या सोबत्याच्या रेषेत उभे राहू नये, थोडे आडवे सरकावे. एवढ्याने माझे काम दुप्पट अवघड होते.

मला खरी भीती वाटते ती जागेवरून न हलता एकाच दरवाजावर क्रॉसहेअर (नेमाची खूण) ठेवून बसलेल्या खेळाडूची. त्याला मी दिसण्याची गरज नसते. मला कुठून बाहेर पडावे लागणार हे त्याला ठाऊक असते.

(मध्येच, छत्रपती संभाजीनगरहून)

अंबाजोगाईच्या मित्रांचे शेवटचे वाक्य वाचून मला देवगिरी किल्ल्यावरील अंधारी आठवली. वर जाणारी ती भुयारासारखी वळणावळणाची काळोखी वाट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत चढलेली आहे. शत्रूला आत शिरू द्यायचे, काळोखात त्याची दिशा हरवू द्यायची, आणि ती वाट जिथे उघडते तिथे आपण उजेडात थांबायचे. नकाशा पाठ करताना मी नव्या मुलांना वाटा मोजायला सांगत नाही, तोंडे मोजायला सांगतो. दहा वाटा असल्या तरी आपल्या पाठीवर उघडणारी तोंडे बहुधा दोन किंवा तीनच निघतात, आणि तेवढी एका माणसाला धरता येतात.

जालन्याच्या मित्रांचा आक्षेप मला मान्य आहे, मात्र वेळ ठरवण्याची पद्धत फेऱ्यांच्या खेळांत चालते तशी बीजीएमआयमध्ये चालेल असे वाटत नाही, कारण तिथे येणाऱ्याचा संघ, संख्या आणि वेळ यांपैकी काहीच ठरलेले नसते. त्यावर सेलूच्या मित्रांनी पुन्हा लिहावे.

हिंगोली आणि धाराशिवकडून अजून कोणी लिहिलेले नाही. वसतिगृहात किंवा घरात इतर झोपलेले असताना माइक बंद ठेवून खेळावे लागणारे अनेक जण आहेत. बोलता येत नसताना पाठीवर आलेल्या गड्याची खबर सोबत्यांना कशी देता, नकाशावर खूण करता की आधीच काही ठरवून ठेवता, हे त्यांच्याकडून वाचायची मला उत्सुकता आहे.