थायरॉइडची गाठ: पुन्हा एफएनएसी, ट्रूकट की सरळ ऑपरेशन?

कराडची_सून
नमस्कार. सासूबाईंबद्दल विचारायचंय. वय ६१. ब्लाउजसाठी गळ्याचं माप घेताना शिंपीणबाईंना उजवीकडे गाठ दिसली, तिथून हे सगळं सुरू झालं. सोनोग्राफीत २.८ सेंमीची घट्ट गाठ, टायरॅड्स ४ (सोनोग्राफीवरून कॅन्सरची शंका किती ते सांगणारी श्रेणी). टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी नॉर्मल.

पहिली एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी) एका लॅबमध्ये नुसती हाताने गाठ धरून केली. रिपोर्ट: रक्तच जास्त, पेशी अपुऱ्या, बेथेस्डा १ (अशा रिपोर्टची १ ते ६ अशी श्रेणी असते). दुसरी सोनोग्राफीत बघत केली. रिपोर्ट: बेथेस्डा ३. आता सोनोग्राफीवाले डॉक्टर म्हणतात ट्रूकट (जाड सुईची तपासणी) करू, तुकडाच काढला की सोक्षमोक्ष लागेल. सर्जन म्हणतात सुयांचा नाद सोडा, अर्धी ग्रंथी काढून तपासायला पाठवू. आईंना स्टेंट बसवलेला आहे, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. आई स्वतः म्हणतात, "सारखं टोचायला मी काय पोतं आहे का?"

यजमान ट्रूकटच्या बाजूने, दीर ऑपरेशनच्या. जाड सुई म्हणजे जास्त खात्रीची तपासणी, हे खरं आहे का?

हडपसरकर
ताई, गाठीला सुई लावूच नका. आमच्या चाळीत एका बाईंना सुई टोचली आणि सहा महिन्यांत सगळीकडे पसरलं. आधीच दोनदा टोचून बसलाय तुम्ही.

काचपट्टी
मी पॅथॉलॉजिस्ट, सांगलीत असते. सायटॉलॉजीच्या (पेशींच्या तपासणीच्या) स्लाइड्स बघण्यातच केस पिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हडपसरकरांचं. त्या बाईंचा आजार कोणता होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पसरणारा आजार सुई लावली नसती तरी पसरलाच असता. बारीक सुईच्या वाटेने थायरॉइडचा कॅन्सर पसरल्याच्या नोंदी अत्यंत विरळ आहेत. जगभर पहिली तपासणी म्हणून हीच सुई वापरतात. कृपया असं लिहून लोकांना घाबरवू नका.

सूनबाई, आता तुमचा प्रश्न. एफएनएसीची सुई २३ ते २७ गेजची असते. आकडा वाढला की सुई बारीक होते, हे बऱ्याच जणांना उलट वाटतं. तिच्यातून सुट्या पेशी आणि पेशींचे लहान पुंजके येतात. ट्रूकटची सुई १८ ते २१ गेजची, स्प्रिंगवर चालते, ती ऊतीचा शेवईएवढा तुकडा कापून आणते. तुकड्यात पेशी एकमेकींना धरून कशा बसल्यात ते दिसतं. काही प्रश्नांची उत्तरं त्यातून मिळतात, काहींची मिळत नाहीत, आणि तुमच्या घरातला वाद नेमका इथेच अडलाय.

पहिल्या रिपोर्टचं मला आश्चर्य वाटलं नाही. थायरॉइडला रक्तपुरवठा भरपूर. सिरिंज लावून जोरात ओढलं की रक्त आधी येतं आणि पेशी त्यात बुडून जातात. त्यात हाताने धरून केलेलं, म्हणजे सुई गाठीच्या नेमक्या कुठल्या भागात गेली ते कुणाला माहीत? मी स्वतः बहुतेक वेळा सिरिंज लावतच नाही. नुसती सुई दोन बोटांत धरायची, गाठीत घालायची आणि काही सेकंद भराभर पुढेमागे करायची. पेशी केशाकर्षणाने आपोआप सुईत चढतात. पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. रक्त कमी येतं, पेशंटलाही कमी दुखतं.

खरी गंमत त्यानंतर असते. थेंब काचेवर टाकून दुसऱ्या काचेने अलगद पसरायचा. जास्त दाबलं तर पेशी चिरडतात, कमी दाबलं तर जाड थर राहतो आणि खालून काही दिसत नाही. काही काचा तिथल्या तिथे अल्कोहोलमध्ये टाकायच्या, काही हवेत वाळवायच्या, कारण दोन्हींचे रंग वेगळे आणि दोन्हींत दिसतं ते वेगळं. अल्कोहोलची काच टाकायला उशीर झाला, फोन वाजला, मदतनीस बाटली शोधत बसला, की पेशी वाळतात, केंद्रकं फुगतात आणि पॅपिलरी या थायरॉइडच्या नेहमीच्या कॅन्सरच्या ज्या खुणा आम्ही शोधतो (केंद्रकावरच्या खाचा, केंद्रकातले फिकट गोळे) त्या धड दिसेनाशा होतात. मग वाचणारा हात राखून "३" लिहितो. सगळे ३ असे नसतात, पण असेही असतात. म्हणून सुई चालू असताना शेजारी कुणीतरी मायक्रोस्कोप घेऊन बसलं आणि माल पुरेसा आला का ते तिथेच पाहिलं, तर फेऱ्या वाचतात. पुरेसा म्हणजे किमान ६ पुंजके, प्रत्येकात किमान १० पेशी.

बेथेस्डा ३ म्हणजे "पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण नक्की सांगता येत नाही". २०२३ च्या सुधारित आवृत्तीत या गटात कॅन्सर निघण्याची सरासरी शक्यता २२ टक्के दिलीय. मात्र हा आकडा ऑपरेशन झालेल्यांवरून काढलेला आहे. ज्यांच्या गाठीला कुणी हात लावला नाही ते त्यात नाहीत, त्यामुळे खरी शक्यता याहून कमीच. त्याच आवृत्तीत ३ चे दोन भाग आहेत: केंद्रकांतल्या बदलांमुळे ३, आणि इतर कारणांमुळे ३. पहिल्यात धोका जास्त. तुमच्या रिपोर्टात यातलं काय लिहिलंय?

ट्रूकट कुठे कामाची? वारंवार बेथेस्डा १ येत असेल, गाठीत कॅल्शियम साठून सुई आत शिरत नसेल, किंवा लिम्फोमा वा ॲनाप्लास्टिक या विरळ प्रकारच्या कॅन्सरची शंका असेल, तिथे मी स्वतःच ट्रूकट सुचवते. पण फॉलिक्युलर (ग्रंथीच्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींची) गाठ साधी की कॅन्सरची, हे ट्रूकटही सांगू शकत नाही. पेशींनी गाठीभोवतालचं आवरण किंवा रक्तवाहिनी फोडली का यावर ते ठरतं, आणि त्यासाठी अख्खी गाठ काढून तिचं आवरण ठिकठिकाणी कापून बघावं लागतं. "सोक्षमोक्ष" हा शब्द सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी जरा सढळ हाताने वापरलाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एफएनएसीसाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सहसा बंद कराव्या लागत नाहीत. ट्रूकटच्या आधी बहुतेक ठिकाणी बंद करायला सांगतात. स्टेंट असलेल्या माणसाच्या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायच्या नाहीत, सांगणारा कितीही मोठा असो.

सुवॉनवरून_प
डॉक्टर मॅडमनी लिहिलंय त्याला आमचा अनुभव जुळतो. आम्ही कोरियात राहतो. इथे थायरॉइडची ट्रूकट बरीच करतात, रेडिओलॉजिस्ट मंडळींची त्यासाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. बायकोच्या गाठीभोवती कॅल्शियमचं कवच होतं, दोन्ही एफएनएसीत पेशीच आल्या नाहीत. मग ट्रूकट. मानेत भुलीचं इंजेक्शन दिलं आणि आधी ट्रूकटच्या स्प्रिंगवाल्या बंदुकीचा "खट्" आवाज हवेतच ऐकवला, म्हणजे आत वाजेल तेव्हा दचकून मान हलू नये. नंतर तिला स्वतःलाच गळा दाबून बसायला लावलं, वीसेक मिनिटं. दोन दिवस गिळताना दुखलं. गाठ साधी निघाली. तिच्या कुठल्याच गोळ्या चालू नव्हत्या, हेही सांगायला हवं.

काचपट्टी
बरोबर, तिथे ट्रूकटच हवी होती. कोरियाचं नाव निघालंच आहे तर सांगते: तिथे सरसकट सोनोग्राफ्या सुरू झाल्यावर १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान १५ पटींनी वाढलं, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे सापडलेले बहुतेक कॅन्सर लहान आणि मंद होते. आईंच्या बाबतीत पॅपिलरी निघालाच तरी महिनाभर इकडेतिकडे झाल्याने बिघडणार नाही. दिरांना हे जरूर वाचून दाखवा.

कराडची_सून
मॅडम, इतक्या मनापासून लिहिलंत, खूप आभार. रिपोर्टात "केंद्रकांमध्ये सौम्य बदल, काही भागात वाळल्यामुळे बारकावे अस्पष्ट" असं आहे. हे शेवटचं वाक्य आम्ही कुणीच वाचलं नव्हतं, सगळ्यांची नजर त्या ३ वर. मग पुन्हा सुई की आधी काही दुसरं?

काचपट्टी
आधी त्याच स्लाइड्स दुसऱ्याला दाखवा. लॅबकडे लेखी मागा, देतात. थायरॉइड रोज बघणारा सायटोपॅथॉलॉजिस्ट गाठा. पुण्या-मुंबईत मिळतील, टाटा मेमोरियललाही स्लाइड्सवर दुसरं मत मिळतं. या टप्प्याला आईंना सोबत न्यायची गरज पडत नाही, त्यांची पोत्याची तक्रारही थोडी मिटेल.

तरीही ३ च राहिला तर एकदा एफएनएसी परत, सोनोग्राफीखाली, विनासिरिंज, पॅथॉलॉजिस्ट शेजारी असताना. उरलेला माल सेल ब्लॉकसाठी (पेशी मेणात बसवून केलेला ठोकळा) ठेवायला सांगा, त्यावर पुढच्या चाचण्या करता येतात. केंद्रकांतल्या बदलांमुळे ३ असेल तर बीआरएएफ जनुकाची तपासणी आपल्याकडेही होते. ती पॉझिटिव्ह आली तर कॅन्सर जवळजवळ नक्की, निगेटिव्ह आली तर फारसं काही कळत नाही, हे लक्षात घेऊनच पैसे खर्च करा. रक्तातलं कॅल्सिटोनिन हे हार्मोनही एकदा बघून घ्या, ते वाढवणारा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर एफएनएसीत कधीकधी हुलकावणी देतो.

एवढं करूनही अडलं तर सर्जनचं ऐका. अर्धी ग्रंथी काढणं ही अशा वेळची मान्य वाट आहे, ते काही उगाच कापायला निघालेले नाहीत. फक्त तुमच्या बाबतीत तो पहिला पर्याय नको, एवढंच. आणि त्या वेळीही स्टेंटचा प्रश्न आहेच.

कराडची_सून
स्लाइड्ससाठी लॅबला फोन केला, शनिवारी देतो म्हणाले. एक शेवटचं: पुन्हा सुई करायची झाली तर उपाशी न्यायचं का? मागच्या वेळी सकाळपासून चहासुद्धा दिला नव्हता, दुपारी दोनला नंबर लागला.

काचपट्टी
अजिबात नाही. जेवून, रोजच्या गोळ्या घेऊन न्या. गळाबंद ब्लाउज नको आणि मंगळसूत्र घरीच काढून ठेवा. सुई आत असताना बोलायचं नाही, गिळायचं नाही, एवढंच त्यांना आधी सांगून ठेवा. स्लाइड्स नेताना दोन्ही वेळच्या न्या, पहिल्या रक्ताच्याही. कधीकधी त्यातही एखादा पुंजका सापडतो.