मदत हवी आहे : ब्रॉयलरला हळद, शेवगा, लसूण किती आणि कधी?

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात 2000 पक्ष्यांचं शेड आहे. करारावर नाही, पिल्लं आणि खाद्य सगळं स्वतःचं. मागच्या बॅचला 24व्या दिवशी गंबोरो (कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग) आला. पक्षी पिसं फुलवून कोपऱ्यात बसले, पांढरट पातळ विष्ठा. डॉक्टरांनी मेलेला पक्षी उघडून दाखवला, मांडीच्या मांसावर रक्ताचे ठिपके अन् बर्सा (शेपटीजवळची प्रतिकारशक्तीची ग्रंथी) सुजलेली. चार दिवसांत 140 पक्षी गेले. लस 14व्या दिवशी पाण्यातून दिली होती, पण टाकीतल्या पाण्यात टीसीएल (क्लोरीनची पावडर) होतं, त्यानं लस निकामी होते. चूक माझीच.

लसीला पर्याय नाही हे कळलंय, त्यामुळे तो सल्ला नको. पण प्रतिकारशक्तीला जोड म्हणून या वेळी किलोमागे 5 ग्रॅम हळद खाद्यात सुरू केली आहे. शेवग्याच्या पाल्याची पावडरही सावलीत वाळवून ठेवलीय. ती जास्त झाली तर तंतू वाढून वजन मार खातं म्हणतात. मग प्रमाण किती ठेवता? लसणाचं पाणी गाळून दिलं तरी निपल (पक्ष्यांच्या पाण्याच्या नळीवरच्या तोट्या) चोंदले, दोन तास नळ्या धुण्यात गेले! (बायको अजून हसतेय.)

लसीच्या दिवशी पाण्यातलं सगळं बंद ठेवायचं ना, की आदल्या दिवसापासूनच? आणि 42 दिवसांच्या पक्ष्याला हे शेवटपर्यंत द्यायचं, की पहिले तीन आठवडेच पुरे? ज्यांनी अर्ध्या शेडला देऊन, अर्ध्याला न देता वजन आणि मर लिहून ठेवलीय, त्यांनी आकडे सांगा. बाटलीतली टॉनिकं विकणाऱ्यांचे फोन नकोत, प्लीज.