निफाडची थंडी आणि अंगणातल्या पिंजऱ्यातले ससे

ओसरीवाला:
अंगणात सशांची जोडी आहे, वजन दोन-दोन किलो. पिंजरा ४ बाय २ फूट, पायांवर उभा, चारही बाजूंनी वेल्डमेश (तारेची जाळी), वर नुसता पत्रा. थंडीच्या लाटेत पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो, दुपारी परत २८. रात्री ताडपत्रीने सगळा पिंजरा लपेटून आत १०० वॉटचा बल्ब लावावा आणि खाली गोणपाट टाकावं, असा विचार आहे. शिवाय पहाटे पत्र्याच्या आतून पाणी ठिबकतं. आणखी एक, मादी गाभण असावी असं वाटतंय.

रंधापटाशी:
ठिबकण्यापासून सुरुवात करा, खरं दुखणं तेच आहे. रात्री पत्रा हवेपेक्षा गार पडतो, सशांच्या श्वासाची आणि लघवीची वाफ त्याला आतून धरते. पत्र्याखाली दोन इंचाच्या पट्ट्या ठोकून त्यावर ६ मिमीचं प्लाय मारा. मधली पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवा, मात्र जाळी लावून, नाहीतर उंदीर वस्तीला येतील. पत्र्याला मागच्या बाजूला ढाळ द्या आणि वळचण पुढे सहा इंच काढा. अवकाळी पाऊस तिरका येतो, दोन इंचाच्या वळचणीला तो दाद देत नाही.

ताडपत्री चारही बाजूंनी अजिबात लपेटू नका. वाऱ्याच्या दोन बाजू आणि पाठ १२ मिमी वॉटरप्रूफ प्लायने कायमची बंद करा. तोंड आग्नेयेला ठेवा म्हणजे कोवळं ऊन आत येईल. तोंडावर गुंडाळता येईल असा ताडपत्रीचा पडदा लावा आणि वरची पाच-सहा इंच जागा रात्रीही उघडी राहू द्या. पूर्ण बंद केलंत तर लघवीचा अमोनिया आत कोंडतो, नाकाची आतली त्वचा जळते आणि सर्दीचे जंतू तिथेच घर करतात. ऊन आलं की पडदा वर. दुपारच्या २८ अंशांत तो विसरलात तर पिंजऱ्याची भट्टी होते, आणि सशाला थंडीपेक्षा उष्मा लवकर मारतो.

थंडीपासून आडोसा म्हणून आत झोपायची पेटी द्या: २४ बाय १८ इंच, उंची १४, दार ७-८ इंचाचं आणि एका कोपऱ्यात, समोरासमोर भोक नको. पेटी लहान असली की दोघांच्या अंगाच्या उबेनेच ती तापते. थर्माकोल लावायचा तर दोन प्लायच्या मध्ये, उघडा दिसला की कुरतडून खातील.

चारापाणी:
गोणपाट नको. ओलं झालं की वाळत नाही आणि त्याचे धागे पोटात गुंता करतात. कापूस, जुनं स्वेटर यांचीही तीच गत. पेटीत गव्हाचं काड किंवा भाताचा कोरडा पेंढा पाच-सहा इंच टाका. मूठभर उचलून वास घ्या, कुबट असेल तर बुरशी आहे. ससे एकच कोपरा लघवीला धरतात, तेवढा भाग रोज काढा, बाकीचा आठवड्याने बदला. लाकडाचा बारीक भुसा टाळा, धूळ नाकात जाते.

थंडीत ऊब पोटातून येते, म्हणून वाळलेलं गवत २४ तास समोर हवं. गोळीखाद्य थोडंच वाढवा. भाकरी, गूळ, हरभरे ‘उष्ण’ म्हणून घालतात, त्याने फक्त पोट फुगतं. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी द्या. गार पाणी ससे कमी पितात आणि लेंड्या सुकून बारीक होतात.

ओसरीवाला:
म्हणजे बल्ब नकोच? आणि गाभण मादीचं काय? बाजूच्या बागेत द्राक्षांसाठी रात्री शेकोट्याही पेटवतात, त्याचा धूर येतो.

लांबकान:
बल्ब नकोच. वायर कुरतडली की शॉक, पेंढा काचेला लागला की आग. निरोगी मोठ्या सशाला ५ अंश कोरड्यात सहज झेपतात. धूर येतो त्या बाजूला तोंड असेल तर पिंजराच हलवा.

गाभण काळ ३०-३२ दिवसांचा. २७व्या दिवशी व्यायला वेगळी, १६ बाय १० इंचांची पेटी द्या, उंची १०, पुढची फळी ५-६ इंच, तळाला चार इंच पेंढा. वर ती स्वतःचे केस उपटून अंथरते, ते काढू नका. नराला त्याआधीच वेगळं करा, व्यायल्यावर काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं उघडी जन्मतात आणि पेटीबाहेर पडलेलं पिल्लू आई उचलून आणत नाही. गार पडलेलं दिसलं तर मेलं समजून टाकू नका. अंगाशी धरून हळूहळू गरम करा, मग परत घरट्यात.

ससा भिजला तर वरचे केस सुकून भागत नाही, कातडीपर्यंत टॉवेलने कोरडा करून घरात ठेवा. आंघोळ कधीच नको. नुसते कान गार असणं हा आजार नाही. गुदद्वारातलं तापमान ३८.५ ते ४० अंश हवं. ३८च्या खाली गेलं, बारा तास खाल्लं नाही किंवा पुढच्या पंजांचे केस शेंबडाने चिकटले असतील तर डॉक्टरकडे. घरातलं अमॉक्सिसिलीनचं सिरप मात्र देऊ नका, तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससाही.