चिखलात गाडी रुतली, मग? आपापला अनुभव सांगा

पाऊस लागला आणि पलूसकडच्या आमच्या पाणंदीचं पुन्हा लोणी झालं. जुनी छोटी गाडी देऊन दुसरी घ्यायचीय. शोरूमवाला सनरूफ दाखवतोय, मला वस्तीपर्यंतचा दीड किलोमीटर दिसतोय. कुठली गाडी चालवता, कुठं रुतलात, कसे निघालात ते लिहा. आधी माझंच सांगतो.

गेल्या जुलैत आईला दवाखान्यातनं आणत होतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या ढोपराएवढ्या, मधे वरंबा. मी शहाणा, गाडी चाकोरीतच घातली. पंधरा पावलांवर पोट टेकलं. रेस देईन तशी पुढची चाकं खाली. आई मागनं म्हणाली, "बास कर बाबा, विहीर खणतोयस." शेवटी शेजारच्या आण्णांनी गोठ्यातली चघळ चाकाखाली कोंबली, चौघांनी ढकललं, तेव्हा निघालो. आता एक चाक वरंब्यावर, दुसरं कडेला ठेवून जातो.

वाळवा तालुक्यातून
भावा, काळ्या रानात फोर बाय फोरचा, म्हणजे चारी चाकांना इंजिनचा जोर असलेल्या गाडीचा, गर्व करू नको. टायरच्या खाचा मातीनं भरल्या की चारी चाकं गुळगुळीत. माझी बोलेरो मागच्या चाकांवर चालते, रिकामी असली की शेपूट हलवते. मागं युरियाची दोन पोती, म्हणजे 90 किलो टाकली की सरळ. टायरला मात्र पैसे सोड.

पाटणच्या वरच्या अंगाची
आमची माती तांबडी, खाली जांभा. ती चिकटत नाही, घसरवते. चढ दुसऱ्या गिअरमध्ये एका दमात, मधे थांबायचं नाही. उताराला पहिला गिअर, ब्रेकवर पाय नाही. डिकीत काठी असते. साचलेल्या पाण्यात आधी ती घालून बघते, मग गाडी. ओढा वाहत असेल तर काठीही नाही, मागं फिरते. लोक हसतात, हसू देत.

कऱ्हाडजवळचा मेकॅनिक
चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं! पावसाळ्यात निम्मं काम त्याचंच. दगडावर आपटून फुटलं आणि ऑइलचा दिवा लागला तर गाडी जागीच बंद करा. "गावापर्यंत जाईल" म्हणून आणलेली इंजिनं मी उघडलीत, बघवत नाहीत. स्विफ्टच्या पोटाखाली 163 मिलीमीटर, बोलेरोच्या 180, जिम्नीच्या 210. कागदावर बोटा-दोन बोटांचा फरक, पण पाच माणसं बसली की त्यातलंही कमी होतं.

आणखी एक. हायवेला स्टिअरिंग थरथरतंय म्हणून एक जण अलाइनमेंटला आला होता. रिमच्या आतून वाळलेल्या काळ्या मातीचं ढेकूळ निघालं. चाक आतून धुवा.

जतहून
आमच्याकडं चिखल वर्षाला चार दिवस, तोही परतीच्या पावसात. तेवढ्यासाठी तीन-चार लाख जादा घालू? डांबरीवर ओळखीच्या अंगणात गाडी लावतो, पायताण हातात घेतो, चालत जातो.

पुन्हा मीच, पलूस
काल शोरूमला मीटरपट्टी घेऊन गेलो. आडवा होऊन गाडीखालचं अंतर मोजत होतो, तर पोरगा धावत आला, "काका, काही पडलं का?"