बाईंनी घडवलेल्या बायका देवळाच्या कमिटीत का नाहीत?

शिवाजीपेठकर
आमच्या बाई शाळेत संस्कृत शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून घरच्या सोप्यात बायकांना पौरोहित्य आणि कीर्तन शिकवतात. पहिल्या दिवशी मला सोप्यात बसवून संकल्प म्हणायला लावला आणि स्वतः परसात जाऊन उभ्या राहिल्या. ऐकू आलं नाही की तिथूनच, "परत!" कितव्यांदा तरी माझा आवाज परसापर्यंत पोचला. आज मी वास्तुशांत सांगते.

पण गल्लीतल्या विठ्ठल मंदिराच्या कमिटीत अकरा जण, सगळे पुरुष. सप्ताहाचा स्वयंपाक, रांगोळी, पावत्या फाडणं आमच्याकडे. बाईंच्या दोन शिष्यांची नावं सुचवली तर उत्तर आलं, "पुढच्या वेळी बघू." शाहू महाराजांनी विधवा सुनेला, इंदुमती राणीसाहेबांना, शिकवलं ते याच गावात. मग इथं आम्ही अजून पुढच्या वेळेची वाट का बघायची?

टाळ_आणि_तालीम
ताई, देवळात सेवा करायची असते, पद मागायचं नसतं. माझी आई कित्येक वर्षं काकडआरतीला पहिली हजर असते. तिनं कधी कमिटी मागितली नाही आणि तिचा मान कुणी कमी केला नाही. बाईंनी शिकवलं ते चांगलंच, पण शिकवण्याचा शेवट खुर्चीत कशाला?

पंचगंगाकाठ
दादा, संत बहिणाबाई (तुकोबांच्या शिष्या) लहान वयात कोल्हापुरातच राहत होत्या. जयरामस्वामींच्या कीर्तनाला जायच्या, वासरू मागोमाग यायचं. स्वामींनी त्यांचं कौतुक केलं म्हणून नवऱ्यानं मारलं. नुसतं ऐकायला बसण्याची ही किंमत होती. मान आपोआप मिळतो हे मला पटत नाही.

टाळ_आणि_तालीम
त्याच बहिणाबाईंनी पद मागितलं नाही. अभंग रचले, आणि आज लोक त्यांना संत म्हणतात. माझं म्हणणं तेच आहे.

पंचगंगाकाठ
मग शिर्डीजवळचा साकोरीचा आश्रम बघा. उपासनी महाराज 1941 मध्ये गेल्यावर आश्रमाची धुरा गोदावरी मातांनी घेतली. तिथं कन्या यज्ञ करतात, वेद म्हणतात. मागितलं असो की दिलं असो, बाईच्या हाती कारभार आला म्हणून काही बुडालं नाही.

रंकाळ्यावरून
मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. बायकांना पूजा सांगायला शिकवलं म्हणजे तीच कर्मकांडं नव्या हातांत दिली. 2016 मध्ये अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांना जाऊ द्या म्हणून आंदोलन झालं. तेव्हा तुमच्या बाई कुठं होत्या?

शिवाजीपेठकर
घरी. मी विचारलं तर म्हणाल्या, "मला घोषणा देता येत नाहीत." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण आमच्यातली एक विधवा आहे. 2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच पावसाळ्यात बाईंनी तिला एका गृहप्रवेशाला पाठवलं, मुद्दाम, एकटीला. पूजा झाल्यावर घरच्या सासूबाईंनी कुंकवाचा करंडा उचलला, थोडा वेळ तसाच हातात धरला, मग तिला कुंकू लावलं. तिनं रस्त्यातूनच मला फोन केला, बोलता येत नव्हतं. याला नुसतं कर्मकांड म्हणाल का?

रंकाळ्यावरून
नाही म्हणणार. गाभाऱ्याचा प्रश्न मात्र अजून माझा तसाच आहे.

वकिलीण_राजारामपुरी
एक कामाची गोष्ट. देवळाचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर त्याची घटना, म्हणजे नियमावली, धर्मादाय कार्यालयात असते. तिची नक्कल काढा. सभासद कोणाला होता येतं ते त्यात लिहिलेलं असतं. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत त्या कार्यालयाला चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यावी लागते. 'पुढच्या वेळी' म्हणजे कधी, हे तिथल्या कागदांवरून कळेल.

शिवाजीपेठकर
नक्कल मिळाली. अठरा वर्षं पूर्ण आणि वार्षिक वर्गणी, एवढीच अट आहे. पुरुष हा शब्दच नाही. रविवारी बाईंच्या सोप्यात अर्ज भरायला बसतोय. टाळवाले दादा, तुमच्या आईंनाही घेऊन या.

टाळ_आणि_तालीम
माझं मत बदललेलं नाही. आईला विचारतो.