मदत हवी आहे: व्हिडिओ कुठेही अपलोड न करता ब्राउझरमध्येच कापायचा आहे

फिजिओथेरपीच्या क्लिनिकमधली १२ मिनिटांची क्लिप आहे. फोनवर घेतलेली, ४के, एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करून साठवायचा एक प्रकार), साधारण १.४ जीबी. त्यातली मधली ४० सेकंदं हवीत. पेशंटचा चेहरा दिसतो, त्यामुळे फाइल लॅपटॉपबाहेर जाता कामा नये. लॅपटॉप ऑफिसचा, विंडोज, ८ जीबी रॅम, सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नाही. (मूळ फोन आता हाताशी नाही, म्हणून "फोनवरच काप ना" हे बाद.)

पहिल्या साइटवर "फाइल तुमच्याकडेच राहते" असं ठळक लिहिलं होतं. एफ१२ दाबून नेटवर्क टॅब (पान काय पाठवतं-मागवतं ते दाखवणारा) उघडला, डमी व्हिडिओ टाकला, तर अपलोड सुरू! लगेच बंद केली.

मग एफएफएमपेग या व्हिडिओ कापण्या-बदलण्याच्या मोफत सॉफ्टवेअरच्या वेबअसेंब्ली, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणाऱ्या, आवृत्तीवर बेतलेलं एक पान मिळालं. इनकॉग्निटोमध्ये पान लोड झाल्यावर वायफाय बंद केलं, तरी काम झालं. री-एन्कोड न करता (व्हिडिओ नव्याने न बनवता, आहे तसा कॉपी करून) कापलं तर काही सेकंदांत होतं, पण कट कीफ्रेमवरच (मधून मधून येणाऱ्या, पूर्ण साठवलेल्या फ्रेमवरच) बसतो, म्हणून सुरुवातीला नको असलेली दोनेक सेकंदं येतात, आणि नेमका त्यातच दुसरा पेशंट दिसतो. री-एन्कोड केलं की थोड्या वेळात टॅबच कोसळतो. आधी कॉपी पद्धतीने छोटा तुकडा काढून तोच री-एन्कोड करून पाहिला, तरी ४केला तेच. आउटपुट १०८०पी चालेल, आवाज नसला तरी चालेल.

वेबकोडेक्स (ब्राउझरची स्वतःची व्हिडिओ एन्कोड-डीकोड करायची सोय) वापरून, शक्यतो हार्डवेअरच्या मदतीने, ब्राउझरमध्येच फ्रेमवर अचूक कापणारं काही कुणी स्वतः वापरलंय का? आणि वायफाय चालू करण्याआधी ती इनकॉग्निटो विंडो पूर्ण बंद केली, तर नंतर मागच्या दाराने काही पाठवलं जाण्याची शक्यता उरते का?