टर्बो लावलेली कार्बची (कार्ब्युरेटरवाली) गाडी बूस्टवर (टर्बोच्या दाबावर) आली की दम सोडते, मदत हवी आहे

तापीकाठ:
अकरा दिवस झाले, आता खरंच डोकं चालेनासं झालंय. मी आणि मामेभावाने घरच्या शेडमध्ये गाडी बनवली, टर्बो बसवला, पाइपिंग, फ्लँज सगळं स्वतः वेल्ड केलं. खाली मस्त चालते, आयडलिंगला तर काही बोलायलाच नको. ३००० आरपीएमच्या वर टर्बोने शिटी मारली की चार-पाच सेकंद अशी ओढते की पाठ सीटला चिकटते आणि मग एकदम घुसमटते, इंजिनातून खडखड येते, एक्सलरेटर सोडला की परत नॉर्मल. मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल सोडणारं भोक) तीन वेळा मोठा केला, प्लग तरी पांढरेफटक. रविवारी चोपड्याहून धुळ्याला न्यायचीय. कितीचा जेट टाकू, फक्त नंबर सांगा.

पाना१०:
गाडी कोणती? कार्ब टर्बोच्या आधी की नंतर? बूस्ट किती, पंप कोणता, ठिणगीचं टायमिंग किती? एवढं कळल्याशिवाय नंबर सांगून काही उपयोग नाही.

तापीकाठ:
मारुती ८००, अजून कोणती असणार. ७९६ सीसी, कार्बवाली. टर्बो भंगारातून आणलेला स्विफ्ट डिझेलचा. कार्ब टर्बोच्या नंतर, वर अ‍ॅल्युमिनियमचा डबा करून सील केलाय. बूस्ट ७ पीएसआय. आता नंबर?

जुनीपद्मिनी:
व्हेपर लॉक आहे हा, उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन लाइन अडते, शंभर टक्के. जळगावात मे महिन्यात पारा ४४ वर असतो, बोनेटखाली काय होत असेल विचार करा. माझी पद्मिनी बारा वर्षं चालवली, प्रत्येक उन्हाळ्यात पंपावर ओलं फडकं बांधायचो, पारोळ्यापर्यंत जाऊन यायचो कधी अडलो नाही. आधी फडकं बांधून बघा, पैसे लागत नाहीत.

तापीकाठ:
काका सकाळी सहाला पण असंच होतं, इंजिन नुकतंच गरम झालेलं असताना.

नंदुरबार३९:
भाऊ, पंप कोणता शे ते सांग ना पह्यले. तू जेट जेट करी राह्यना, पण पेट्रोलच वर चढत नही व्हई.

तापीकाठ:
पंप कंपनीचाच आहे, इंजिनावरचा, नवीन टाकलाय. पंपाचा काय संबंध, खाली तर पेट्रोल पुरतंय.

पाना१०:
सगळा संबंध तिथेच आहे. त्या मेकॅनिकल पंपाचा दाब असतो ३ पीएसआयच्या आसपास. कार्बच्या डब्यात तुम्ही ७ चा दाब भरताय, फ्लोट चेंबरचा (कार्बमधली पेट्रोलची छोटी टाकी) व्हेंट म्हणजे हवेचं भोक डब्याच्या आत उघडत असेल (तसाच असायला हवा) म्हणजे चेंबरमध्ये पण ७. मग ३ वाला पंप ७ च्या विरुद्ध पेट्रोल कसं ढकलणार? चेंबरमध्ये जेवढं साठलेलं आहे तेवढ्यावर चार-पाच सेकंद ओढते, चेंबर रिकामं झालं की मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), प्लग पांढरे, नॉकिंग म्हणजे ती खडखड. तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर होतं. जेट कितीही मोठा करा, चेंबरमध्ये पेट्रोलच नसेल तर जेट काय ओढणार. पेट्रोलचा दाब कायम बूस्टपेक्षा ३-४ ने जास्त पाहिजे, बूस्ट वाढला की तो पण तेवढाच वाढला पाहिजे.

गॅरेज_भुसावळ:
एवढा उपद्व्याप कशाला. कार्ब काढा, ८०० एमपीएफआयचं (इंजेक्शनवाल्या गाडीचं) मॅनिफोल्ड, वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) सगळं अख्खं काढून मिळतं, दोन दिवसात बसतं. मी तीन गाड्या केल्यात.

पाना१०:
तिन्हीला टर्बो होता का? कंपनीचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) बाहेरच्या हवेच्या दाबाच्या फार वर वाचतच नाही, बूस्टमध्ये ईसीएमला कळणारच नाही हवा किती आली, तिथेही लीनच होणार. त्यासाठी प्रोग्राम करता येणारा ईसीयू लागतो, खर्च बघा त्याचा. आणि कार्बवर टर्बो चालतो भाऊ, रेनॉ ५ जीटी टर्बो १९८५ ची, कार्बमधून हवा ढकलणारीच होती, कंपनीतून तशी यायची.

गॅरेज_भुसावळ:
टर्बो नव्हता, पण मायलेज वाढलं तिन्हीचं.

शेतीमित्र_यावल:
टर्बोचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, माझ्या ट्रॅक्टरचा टर्बो ऑइल खातोय, सायलेन्सरमधून निळा धूर. केळीच्या हंगामात बंद ठेवता येत नाही. कोणाला अनुभव?

जुनीपद्मिनी:
यावलवाले, ऑइलचा रिटर्न पाइप कुठे दबलाय का बघा, रिटर्न अडला की टर्बोच्या सीलमधून ऑइल येतंच.

लालिंगघाट:
गाडी रस्त्यावर न्यायच्या आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीने दिलेल्यात मोठा बदल केला तर परवानगी लागते, अपघात झाला तर विमावाले हात वर करतात. घाबरवत नाहीये, माझ्या मित्राचं झालंय.

तापीकाठ:
ठीक आहे ते बघतो. पण आता रविवारपर्यंत काय करू? इलेक्ट्रिक पंप जळगावहून मागवायचा तर तीन दिवस. एमपीएफआयचा पंप पडलाय घरी, तो थेट लावू का?

पाना१०:
अजिबात नको. तो ४० पीएसआयच्या आसपास दाब देतो, फ्लोटची नीडल तेवढं अडवूच शकत नाही, पेट्रोल डब्यात, टर्बोच्या पाइपात आणि बाहेर. गरम एक्झॉस्टच्या शेजारी. रिटर्नवाला रेग्युलेटर (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत पाठवणारा) लागतो, त्याला बूस्टची नळी जोडायची, आणि इंजिन बंद पडलं की पंप बंद होईल असा ऑइल प्रेशरचा स्विच.

नंदुरबार३९:
मी मन्या गाडीवर पंपाच्या श्वासाच्या भोकाले नळी लाई बूस्टनी. डायफ्रामच्या (पंपातल्या पडद्याच्या) खालून पण बूस्ट दाबस, मग दाब आपोआप वाढस. चाली जास.

पाना१०:
चालतं, पण पंपात खाली ऑइल सील असेल तरच, नाहीतर बूस्ट सरळ क्रँककेसमध्ये. आणि डायफ्राम फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये.

तापीकाठ:
काल रात्री नंदुरबारवाल्या भाऊंनी सांगितलं तसं केलं. पितळी निपल बसवला, डब्यातून नळी. घुसमटणं गेलं!! चोपडा ते अडावद एका दमात ओढली. पण खडखड अजून थोडी आहे.

पाना१०:
टायमिंग तुम्ही अजून सांगितलं नाही.

तापीकाठ:
कंपनीचंच, नाही हलवलं.

पाना१०:
मग खडखड राहणारच. दर पीएसआयला साधारण १ डिग्री मागे, म्हणजे ६-७ डिग्री रिटार्ड करून सुरुवात करा. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सच्या नळीत (ती टायमिंग पुढे नेते) बूस्ट घुसत नाही ना ते पण बघा. प्लग एक नंबर थंड टाका, गॅप थोडा कमी, बूस्टमध्ये ठिणगी विझते.

जुनीपद्मिनी:
प्लगचं लक्षात ठेवा, एनजीकेला नंबर मोठा तसा प्लग थंड, बॉशला उलटं. माझ्या भाच्याने असंच उलटं टाकून पिस्टन वितळवला होता.

नंदुरबार३९:
आणि आते ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) मिळी राह्यनं पेट्रोल. जेट जुन्या हिशोबाने ठेवशी ते लीनच.

गॅरेज_भुसावळ:
ई२० मुळेच एमपीएफआय म्हणतोय मी.

पाना१०:
ई२० चा ऑक्टेन जास्त असतो, नॉकिंगला उलट बरं. जेट मात्र मोठा लागेल, हे नंदुरबारवाल्यांचं बरोबर. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) लावा, बूस्टमध्ये त्याच्या पेट्रोलच्या स्केलवर १२ च्या आत ठेवा, मग जेटचा नंबर तुम्हालाच मिळेल. तापीकाठ, एक काम आत्ता करा, डिपस्टिक काढून वास घ्या.

तापीकाठ:
पेट्रोलचा वास येतोय. पातळी पण वर गेलीय, मॅक्सच्या वर.

पाना१०:
गाडी बंद. स्टार्ट पण करू नका. ऑइल, फिल्टर बदला, तो पंप काढून ठेवा.

तापीकाठ:
ऑइल काढलं, पाण्यासारखं पातळ. जळगावला इलेक्ट्रिक पंप आणि रेग्युलेटर सांगून ठेवलाय, बुधवारी येतोय. धुळ्याला रविवारी एसटीने जातो. रेग्युलेटरला नळी डब्यातूनच घेऊ की टर्बोच्या आउटलेटवरून?

पाना१०:
डब्यातून. चेंबरवर जो दाब आहे तोच रेग्युलेटरला कळला पाहिजे.